एकमताने मंजूर: सभेत दिसलेल्या रिव्हॉल्व्हरचं प्रकरण

आमच्या इमारतीत २८ फ्लॅट. त्यातल्या २३ घरांकडे चारचाकी आहे, आणि खाली खांबांच्या मधे पिवळ्या पट्ट्यांनी आखलेले चौकोन आहेत १६. भांडणाचं मूळ एवढंच. ते आधी सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे रिव्हॉल्व्हरबद्दलच बोलायला लागले आणि पार्किंग बाजूला पडलं.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. ३२ वर्षं बँकेत काढून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात लोकांनी ही माळ गळ्यात घातली. इमारत नागपुरात मनीषनगरच्या बाजूला आहे एवढं सांगतो, माणसांची नावं टाळतो. ज्यांचे पाय असेच कुठल्या तरी कमिटीत अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात माझीही चूक आहे, तीही सांगणार आहे.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून दरवर्षी आमची सभा गणपती उठले की होते. हॉल नाही, त्यामुळे ती पार्किंगमध्येच भरते. गाड्या बाहेर काढायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, दोन उभे पंखे लावायचे. म्हणजे ज्या चौकोनांवर वाद, त्याच चौकोनांवर बसून वाद घालायचा. त्या दिवशी २१ सभासद आले. गणपूर्तीला १९ लागतात, तेव्हा घड्याळ पाहत अर्धा तास ताटकळायची वेळ आली नाही.

विषय क्रमांक पाच होता पार्किंगचा. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बांधकामाचे कंत्राटदार आहेत, वय ४८ च्या आसपास. लिफ्टजवळचे तीन आणि चार हे दोन्ही चौकोन त्यांच्याकडे. बिल्डरने त्या जागांचे पैसे घेऊन पावती दिलेली आहे. तिसऱ्या मजल्यावर मिहानमध्ये नोकरी करणारी एक मुलगी आईसोबत राहते. तिची गाडी पहिल्या दिवसापासून गेटबाहेर रस्त्यावर उभी. ती तयारीने येणार हे मला माहीत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगून टाकलंय की खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक. तो निकाल तिने मला दोन दिवस आधी मोबाइलवर पाठवला होता.

कंत्राटदारांकडे परवान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या कारखान्यात बनलेलं. हे सगळ्या इमारतीला ठाऊक. मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं लागायचं तेव्हा परवाना काढला होता. एरवी त्यांचा शर्ट बाहेर असतो आणि उजव्या कमरेला एक उंचवटा दिसतो. त्या रविवारी ते कुठल्या तरी कार्यक्रमावरून आले असावेत. शर्ट खोचलेला, इस्त्रीचा. गेटसमोरच्या पानठेल्यावर खर्रा घेतला, तो चोळत चोळत आत आले आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, तीन नंबरच्या चौकोनात, खुर्ची जरा तिरपी करून बसले. काळं चामड्याचं होल्स्टर, त्यातून वर आलेली लाकडी मूठ. होल्स्टरचा पट्टा उघडाच लोंबत होता.

त्यानंतरचं नीट आठवून लिहितो.

त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी राहिली. मागे सहा माणसं उभी होती, तरी ती रिकामीच. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा पोरगा खुर्च्यांमधून पळत होता, त्याला त्यांनी दंडाला धरून मांडीवर घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. चहावाल्या पोराने ट्रे आधी कंत्राटदारांसमोर नेला, मग अध्यक्षांसमोर. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एरवी आमचे अध्यक्ष विषय वाचताना पाचपाच मिनिटं घोळ घालतात, त्या दिवशी भराभर वाचत सुटले. कंत्राटदार एकदा कशावर तरी हसले, तर त्यांच्याही आधी चौघं हसले.

ठराव असा मांडला गेला: ‘सध्याची पार्किंगव्यवस्था आहे तशीच चालू ठेवावी.’ कोणाला काही बोलायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. ती मुलगी तिसऱ्या रांगेत होती, मांडीवर फाइल. तिने फाइलचा बंद ओढला, पुन्हा लावला. हात वर झाले, एकवीसच्या एकवीस. त्यात तिचा होता, माझाही होता. पाण्याची टाकी कधी धुवायची यावर आम्ही पाऊण तास भांडणारी माणसं आहोत. बारा वर्षांत पहिल्यांदा सभा पन्नास मिनिटांत आटोपली, आणि मी इतिवृत्तात लिहिलं, ‘एकमताने मंजूर’.

या पन्नास मिनिटांत त्या माणसाने रिव्हॉल्व्हरला बोट लावलं नाही. त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आवाजही चढवला नाही. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते याचमुळे. धमकी दिली असती तर लिहिण्यासारखं काय होतं? सरळ पोलिसांत गेलो असतो.

चिठ्ठी

बुधवारी माझ्या दाराखालून एक कागद आत आला. ‘काका, एकमताने मंजूर असं लिहिलंय त्यात मला मोजू नका. मी आक्षेप घेणार होते, घेतला नाही. कारण तुम्हीही पाहिलंय.’ खाली सही आणि फ्लॅट नंबर.

मला आधी राग आला. हात तर तूच वर केलास, आता मला का सांगतेस? मग इतिवृत्ताची वही काढून बसलो आणि माझा स्वतःचा हात का वर गेला हे स्वतःलाच विचारलं. माझा त्या ठरावाला पाठिंबा नव्हता. सेक्रेटरी म्हणून मी तटस्थ राहू शकलो असतो. भीती वाटली का? गोळी घालतील असं क्षणभरही वाटलं नाही, तो माणूस तसा नाही. पण तिथे वाकडं बोलणं एकदम फार महाग वाटायला लागलं होतं. त्याची किंमत किती हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून जो तो गप्प बसतो.

बँकेत माझ्या टेबलापासून दहा फुटांवर ३२ वर्षं बंदूक होती. दारातल्या गार्डची दुनळी बारा बोअर, छातीवर काडतुसांचा पट्टा. म्हातारे ग्राहक त्याच्याकडून स्लिप भरून घ्यायचे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की विधानभवनाच्या आजूबाजूला हत्यारी पोलीस दिसतात, आणि आपण त्यांना रस्ता कुठून बंद आहे ते विचारतो. ती हत्यारं कोणाची, कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गार्डचं माझ्याशी पार्किंगवरून भांडण नव्हतं.

आमच्या तळमजल्यावर कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. सभेत ते मागे उभे होते. विचारलं तर म्हणाले, “साहेब, माझी रायफल बायकोने कधी पाहिली नाही. ड्युटी संपली की हत्यार कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा. दिसतं तेव्हा ते कामावर असतं. आता ते इथं कोणत्या कामावर होतं, तुम्हीच सांगा.” आणि मग, जरा चिडून, “पट्टा पण उघडा होता. शेजारून कोणी पोराने ओढलं असतं म्हणजे?” माझ्या डोक्यात तोवर फक्त भीती होती, ही साधी गोष्ट आलीच नव्हती.

कायदा काय विचारतो

डॅलसला माझा भाचा असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो हसला. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला हँडगन कमरेला उघडी लावून फिरता येते, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. “मामा, किराणा दुकानात दिसतात लोक. कोणी काही म्हणत नाही.” मग म्हणाला, “पण मी रांग बदलतो.” आणि हेही सांगितलं की तिथल्या कायद्यात दुकानदाराला दारावर ठरावीक मजकुराची, एक इंच उंच अक्षरांची पाटी लावून ‘उघडं शस्त्र घेऊन आत येऊ नका’ असं सांगता येतं, आणि मग आत येणं हा गुन्हा. म्हणजे जिथे उघडं बाळगणं हक्क आहे, तिथेही घरमालक नाही म्हणू शकतो. आमच्या सभेला कोणी यजमानच नव्हता.

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, आणि मला वाटलं त्यापेक्षा जास्त स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ चे शस्त्र नियम आहेत. त्यातला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावी, पूर्ण झाकलेली असावी, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा असावा. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजलं किंवा उडवलं तर परवाना जाऊ शकतो. लग्नात, वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी शिक्षा आणली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो आमचा विषय नाही.

आमचा विषय ‘पूर्ण झाकलेली’ हे दोन शब्द. भारतीय न्याय संहितेतलं ३५१ वं कलम, म्हणजे धाकदपटशाचं, विचारतं की धमकी दिली का, घाबरवण्याचा हेतू होता का. त्याचं उत्तर इथे नाही असंच येईल. नियम ३२ हेतू विचारतच नाही. दिसत होतं की नव्हतं, एवढंच विचारतो. हा नियम लिहिणाऱ्याला आमच्यासारख्या सभा माहीत असाव्यात.

हे पाठ करून मी ठाण्यात गेलो. समोरच्या हवालदाराने ऐकून घेतलं, माणूस सभ्य होता. त्याचे प्रश्न ओळीने असे: बाहेर काढलं का? रोखलं का? काही बोलला का? मी तिन्हींना नाही म्हटलं. “मंग काय करायचं जी? लायसन आहे न त्याच्यापाशी.” मी नियम सांगितला. तो विचारात पडला आणि मग त्याने नेमकं बोट ठेवलं: “पण ते तुमचं कंपाउंड. सार्वजनिक जागा कुठी झाली?” मी म्हटलं, आत येण्याआधी तो पानठेल्यावर उभा होता, पानठेला तर रस्त्यावर आहे. यावर तो मनापासून हसला. लेखी द्या म्हणाला. शहरात परवाने पोलीस आयुक्तांकडून मिळतात, अहवाल तिकडे जाईल, ते नोटीस काढतील, परवाना निलंबितही करू शकतात. “पण दसऱ्यानंतर या. आता सगळे दीक्षाभूमीच्या बंदोबस्तात आहेत.”

मी लेखी दिलं नाही. का, ते प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन कारणं होती. एक, त्या माणसाच्या पोटापाण्याचा भाग असलेली वस्तू माझ्या एका अर्जाने जाईल हे मला जड वाटत होतं. दुसरं, लिफ्ट एकच आहे. पहिलं कारण मी लोकांना सांगतो.

सोनं

१२ ऑक्टोबरला दसरा होता. दीक्षाभूमीकडचे रस्ते सकाळपासून माणसांनी भरलेले, त्यामुळे संध्याकाळी कुठे जायचं नाही असं ठरवून मी इमारतीतच आपट्याची पानं घेऊन फिरलो. चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. देवघरासमोर पाट, पाटावर लाल कापड. त्यावर त्यांच्या वडिलांची करणी, ओळंबा, मोजमापाची टेप, हिशेबाची वही आणि शेजारी तेच रिव्हॉल्व्हर. रिकामं, चेंबर बाहेर काढून ठेवलेलं. मुठीवर हळदीकुंकवाची बोटं, नळीवर झेंडूचं फूल. शेजारच्या फ्लॅटमधली दोन पोरं गुडघ्यावर बसून ते पाहत होती आणि त्यांच्या आया स्वयंपाकघरात वहिनींशी गप्पा मारत होत्या. दरवर्षीचंच दृश्य. इमारतीतल्या प्रत्येकाने ते रिव्हॉल्व्हर असं पाहिलेलं आहे आणि प्रसादाचा शिरा खाऊन घरी गेलेला आहे.

मी सोनं दिलं, त्यांनी वाकून नमस्कार केला. मग मी विषय काढला.

“काकाजी, मी कोणाले काही म्हटलं का? हात तरी लावला का त्याले?”

“नाही लावला भाऊ. तेच तर सांगतोय. तरी एकवीस हात वर गेले.”

“म्हणजे लोकायले माझं म्हणणं पटलं.”

“मला पटलं नव्हतं. माझाही हात वर होता.”

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना खरंच लागलं होतं, हे मला दिसत होतं. मग म्हणाले, “दिसलं पाहिजे न जी ते. चोराले दिसलंच नाही त ठेवून काय फायदा? खिशात घालून कोण भेते?”

या म्हणण्यात तथ्य आहे. रोकड घेऊन आडरस्त्याने जाणाऱ्याच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. “पण आपल्या सभेत चोर कोण होता?” मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. वहिनी शिऱ्याची बशी घेऊन आल्या आणि बोलणं तिथेच थांबलं. निघताना ते दारापर्यंत आले, “त्या पोरीनं सांगितलं का तुम्हाले?” मी म्हटलं, “नाही, सुभेदारांनी.” तेही अर्धवट खरंच होतं.

२० ऑक्टोबर

एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. २८ चे सहा होतात. सह्या झाल्या आठ. पहिली तिची, दुसरी सुभेदारांची. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, तुम्ही सेक्रेटरी आहात, सही करायला मलाच पाठवता का? फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. तिसरी त्यांची झाली.

नोटिशीत मी एक ओळ घातली: ‘सभेच्या जागी कोणीही कोणतेही शस्त्र आणू नये.’ अशी ओळ घालायचा मला अधिकार आहे का यावर अध्यक्षांनी दोन दिवस कुरकुर केली. मी म्हटलं, सभा कमिटी बोलावते, तर सभेत कसं बसायचं तेही कमिटी सांगू शकते. दुसरं म्हणजे, ओळ कोणाचं नाव घेत नाही. अर्थात इमारतीत ती कोणासाठी आहे हे न कळलेला एकही जण नव्हता, लिफ्टमध्ये चिकटवलेल्या नोटिशीवर कोणीतरी त्या ओळीखाली पेनाने रेघही मारली होती. इतर कमिट्यांना माझा सल्ला हाच, की ही ओळ भांडण नसतानाच ठरवून टाका. भांडण सुरू झाल्यावर ती टाकली की ती कोणाच्या तरी अंगावर जाते.

चोवीस जण आले. कंत्राटदार पाच मिनिटं उशिरा आले, शर्ट बाहेर. उजव्या कमरेला उंचवटा होता.

सगळ्यांनी पाहिला. शेजारची खुर्ची याही वेळी रिकामी. ती मुलगी उठली, फाइल उघडली आणि कागदावरून वाचायला लागली. २०१० चा निकाल, मग उपविधी: एका सभासदाला एक जागा, सगळ्यांचं भागून उरली तरच दुसरी, तीही एका वर्षापुरती. जागा कमी असतील तर चिठ्ठ्या. आवाज बारीक होता, पंख्याच्या आवाजात मागे पोचेना. सुभेदारांनी जाऊन पंखा बंद केला. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे घामाघूम होऊन ऐकत बसले. वाचताना तिची नजर दोनदा त्या शर्टाकडे गेली. तिच्याबरोबर आम्हा सगळ्यांची.

कंत्राटदार बोलले, बिल्डरच्या पावतीबद्दल बोलले, चढ्या आवाजात बोलले. मधे कोणीतरी म्हणालं, “बिल्डरकडून पैसे परत मागा ना भाऊ,” आणि यावर दोघं हसले, या वेळी ते स्वतः हसायच्या आधी. मतदान झालं. बाजूने १५, विरोधात ६, तटस्थ ३.

चिठ्ठ्या लगेच काढल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने स्टीलच्या डब्यातून एकेक उचलली. कंत्राटदारांची पाळी आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग उजवा हात शर्टाखाली गेला. मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो, हे मला नंतर अध्यक्षांनी सांगितलं.

हात बाहेर आला तो चष्म्याची केस घेऊन. पट्ट्याला अडकवायची, काळी. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, “अकरा,” म्हणाले. मग आमच्या तोंडांकडे पाहिलं.

“जमा केलं न काकाजी परवाच, ठाण्यात. आचारसंहिता लागली न विधानसभेची.”

निवडणूक २० नोव्हेंबरला होती, आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली होती. हे मला आठवायला हवं होतं. लोकसभेच्या वेळीही त्यांनी असंच जमा केलं होतं.

अकरा नंबरचा चौकोन गटाराच्या चेंबरजवळ आहे, पावसाळ्यात वास येतो. तिला सहा मिळाला. इतिवृत्तात मी आकडे लिहिले आणि २२ सप्टेंबरच्या ठरावाखाली तिची चिठ्ठी चिकटवली. त्याला अध्यक्षांची हरकत होती, ती हरकतही लिहून घेतली.

निवडणुकीनंतर शस्त्र त्यांना परत मिळालं असेल, मी विचारलं नाही. त्यांची दुसरी गाडी आता गेटबाहेर असते. शर्ट बाहेर असतो. लिफ्टमध्ये भेटले की “काय काकाजी,” म्हणतात, आणि मी उत्तर देता देता त्यांच्या उजव्या कमरेकडे पाहतो. पाहिलं ते त्यांना कळतं.